अठरा घागरी

चैत्र संपत आला की सोलापुरात माणसं एकमेकांकडे जरा तिरकं बघायला लागतात. उन्हानं डोळे बारीक होतात, हे एक कारण. दुसरं कारण नळ. आमच्या जुळे सोलापुरात पाणी एरवीच काही दिवसांआड येतं. या दिवसांत ते आणखी एक दिवस मागे सरकतं, आणि मग ज्याच्या दारातली तुळस हिरवीगार तो संशयित ठरतो. ज्याची स्कूटर धुतलेली, त्याच्यावर तर गुन्हा शाबितच. नळाच्या वेळी समोरच्या घरातून घूं असा आवाज आला, तर तो मिक्सरचा आहे यावर गल्लीत कुणी विश्वास ठेवत नाही. "नळाला मोटार लावली," एवढं म्हणून सगळे दारं लावून घेतात. मीही एकदा भिंतीला कान लावून उभा होतो. पलीकडून त्याच वेळी आणखी कुणीतरी कान लावला होता, असा माझा दाट संशय आहे.

यंदाही भीमा आटली. वर्तमानपत्रात धरणाचा आकडा पहिल्या पानावर आला आणि त्याच्या आधी उणे चिन्ह. शून्याच्या खाली पाणी असतं आणि तरीही ते प्यायला मिळतं, हे बाहेरगावच्या माणसाला पटवणं अवघड आहे. मी सगळी नोकरी शाळेत गणित शिकवण्यात घालवली. ऋण संख्या समजावताना इतर गावांचे शिक्षक थंड प्रदेशातलं तापमान वगैरे सांगतात. मला कधी गरज पडली नाही. "सर, म्हणजे धरणासारखं?" असा वर्गातूनच आवाज यायचा आणि धडा संपायचा. उणे गुणिले उणे बरोबर अधिक, यावर मात्र मुलं विश्वास ठेवत नसत. त्यांचा अनुभव वेगळा होता.

आकडा उणे झाला की माझा हात आपोआप फोनकडे जातो. मी अक्काला फोन लावतो. अक्का माझी थोरली बहीण. वळसंगवरून आत वळून पुढे बरंच गेलं की नदीकाठी तिचं गाव लागतं. पलीकडच्या काठावर कर्नाटक. शहरासाठी धरणातून नदीत पाणी सोडतात. ते वाळूतून वाट काढत, वळणं घेत, कित्येक दिवस चालून खालच्या बंधाऱ्याला पोचतं आणि तिथून उचलून आमच्या नळाला येतं. म्हणजे आमच्या नळाआधी ते अक्काच्या दारावरून जातं. वाटेत कुणी ते शेताला ओढू नये म्हणून दोन्ही काठांची वीज, दिवसातले दोन तास सोडले तर, बंद होते. नदीत टाकलेल्या मोटारी काढून घ्यायला पथकं फिरतात. काठावरच्या माणसांनी ते पाणी नुसतं बघायचं. शहरात ज्याचे म्हणून काठावर नातेवाईक आहेत, ते सगळे या दिवसांत फोन करून एकच प्रश्न विचारतात, "पाणी आलं का?"

काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात मी हेच विचारलं, तेव्हा अक्का म्हणाली, "भैनीची चौकशी करतूस का पान्याची?"

"दोन्हींची."

"दिवाळीला फोन न्हाय, संक्रांतीला न्हाय. नदी वाळली की भाऊ उगवतुया. येवडी काळजी हाय तर येऊन बघ की!"

गेलो. निवृत्त माणसाला टोमण्यापुढे सबब नसते.

कोरडी नदी मी आधी पाहिली नव्हती असं नाही, पण एसटीच्या खिडकीतून, पुलावरून जाताना. तिच्या पोटात उतरून उभं राहणं वेगळं. आधी जाणवतो तो वास. वाळलेलं शेवाळ, शिंपले, तापलेली वाळू आणि कुठल्याशा खड्ड्यात मरून पडलेले मासे, या सगळ्यांचा मिळून. पायाखाली चिखलाच्या पापुद्र्यांचा कुरकुर आवाज. मधोमध क्रिकेटची पट्टी आखलेली. शेळ्या पात्रात ऐटीत फिरत होत्या आणि मोटरसायकलवाले सरळ कर्नाटकात जात होते. नदी आटली की पलीकडचं राज्य जवळ येतं. एरवी दोन राज्यांत पाण्यावरून भांडण असतं, आता भांडायलाही काही उरलेलं नव्हतं. काठावरून काळे पाइप वाळूत उतरले होते आणि शेवटच्या डबक्यापाशी जाऊन तोंड उघडून पडले होते.

नदीबद्दल मी बरंच वाचलेलं आहे. नदीकाठी संस्कृती जन्मते, हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा लिहिलं त्याच्यानंतर ते प्रत्येकानं लिहिलेलं आहे. नदी आटल्यावर ती संस्कृती काय करते, याबद्दल ग्रंथकार जपून असतात. मला विचाराल तर ती पहिल्यांदा शेजाऱ्याच्या कुंपणावरून आत डोकावते.

अक्काच्या बावीस लिंबोण्या होत्या. काठाच्या वरच्या अंगाला, अर्ध्या एकरात. दाजी, म्हणजे तिचे यजमान, ऊस लावू म्हणत होते. तिनं कधी नव्हे तो हट्ट धरला, रोपं स्वतः आणली, खड्डे स्वतः घेतले. चौथं वर्ष होतं आणि पहिला बहार धरला होता. फळं गोट्यांएवढी झाली होती. मी गेलो त्या दुपारी तिनं मला घरात पाणी द्यायच्या आधी बागेत नेलं. एक पान चुरगाळून माझ्या नाकाशी धरलं.

"कसा हाय वास?"

"छान."

"छान न्हाय. पान मऊ लागतंय का बघ. पान्याला आलीत झाडं. चार दिसांत पानी न्हाय मिळालं तर फळं गाळतील. आनी आठ दिसांत..." त्या सगळ्या उन्हाळ्यात मला कळलेली खरी गोष्ट एवढीच: या बावीस झाडांना पाऊस पडेपर्यंत जगवायचं होतं, आणि ती जगतील की नाही हे कुणाला माहीत नव्हतं. बाकी सगळ्या अफवा होत्या.

अफवांचे जाणकार दाजी. सरकारी माणूस खरं बोलला तर त्यात काय डाव असेल, याचा ते तीन दिवस विचार करत. दवंडीवर, वर्तमानपत्रावर, पंचांगावर त्यांचा विश्वास नव्हता. पाण्यात बुडवून ठेवायची पाणबुडी मोटार त्यांनी याच कारणानं घेतली नव्हती. "जी डोळ्याला दिसत न्हाय ती चालतीया कशावरनं?" असा त्यांचा सवाल. त्यांची मोटार काठावर बसणारी. ती ओली झाली की संपली.

पाणी गुरुवारी येणार, असं सांगितलं गेलं होतं. गुरुवारीच जलपूजन होतं. कुणी मोठे साहेब येणार होते. त्यांचं नाव तेव्हाही मी लक्षात ठेवलं नाही. त्यासाठी थेट नदीच्या पात्रात मंडप घातला होता. काठावर जागा नव्हती असं नाही. पण साहेबांनी कोरड्या वाळूत उभं राहायचं आणि पाणी येऊन त्यांच्या पायाशी थांबायचं, असा कार्यक्रम होता. फोटोच्या दृष्टीनं तो बरोबर होता. पाण्याला कुणी विचारलं नव्हतं. व्यासपीठ, लाल खुर्च्या, झालरी, आणि मागे साहेबांचा हात जोडलेला भला मोठा फलक. रिकाम्या नदीत तो माणूस कुणाला नमस्कार करत होता कोण जाणे.

मंगळवारी, मी पोचलो त्याच दिवशी, दाजींनी मला गोठ्यामागे नेऊन आवाज खाली करून सगळी योजना सांगितली. पथक बुधवारी येणार. गेल्या खेपेला त्यांनी गोठ्यातून आणि कडब्याच्या गंजीतून मोटारी उचलल्या होत्या, असं ऐकलं होतं. तेव्हा घरात ठेवण्यात अर्थ नाही. शेतात ठेवली तर शेजारी सांगणार.

"मंग कुटं?" मीही नकळत त्यांच्यासारखं बोललो.

"मंडपाखाली."

"नदीत?"

"सायबाच्या खुर्चीखाली हात घालायची पथकाची टाप हाय का? प्लास्टिकात गुंडाळायची, वाळूत पुरायची. बुधवारी पथक गेलं की सांजच्याला काढायची."

"आणि पाणी आधी आलं तर?"

दाजी माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिले की मला वाटलं, ही नजर मी शाळेत मुलांना दिलेली आहे. "मास्तर, तुमी शिकलेली मानसं. सायेब कदी येळेवर आलेत का? मंग सायबाच्या आधी पानी येतंय व्हय?"

आयुष्यभर कशावरही विश्वास न ठेवलेल्या माणसानं त्या दिवशी एका गोष्टीवर ठेवला: सरकारी उशिरावर. दिवस कलताना आम्ही दोघं बैलगाडीच्या चाकासारखी जड ती मोटार पोत्यात घालून खाली नेली. मंडपवाले चहाला गेले होते. दाजींनी व्यासपीठापासून तिसऱ्या खांबाच्या बुडाशी खड्डा घेतला, मोटार पुरली, वरून वाळू सारखी केली आणि खांबाला खूण म्हणून चुन्याचं बोट लावलं. अक्काला यातलं काही सांगितलं नाही. तिनं विचारलं, "कुटं गेलतासा?" दाजी म्हणाले, "पाव्हन्याला नदी दावाय." ती मोटारीच्या रिकाम्या ओट्याकडे बघत राहिली.

आम्ही घरी आल्यावर तासाभरानं साहेबांचा एक माणूस येऊन मंडप बघून गेला, आणि गुरुवारी दहा वाजता साहेबांच्या तोंडावर ऊन येतं म्हणून मंडपाची दिशा फिरवायला सांगून गेला. अंधार पडायच्या आत मंडपवाल्यांनी सगळे खांब उपटले आणि दुसरीकडे रोवले. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. चुन्याचं बोट खांबाबरोबर गेलं होतं.

बुधवारी फटफटायच्या सुमाराला मी अंगणात तोंड धूत होतो. पलीकडच्या काठावरून बायकांचा आवाज आला. "नीर बंतू! नीर बंतू!" पाणी आलं, पाणी आलं. सोलापूरच्या माणसाला एवढं कानडी येतंच. मी दाजींना हाक मारली. ते वाकळेतून डोकं बाहेर न काढता म्हणाले, "खोटं हाय. पलीकडची मानसं दर साली असंच वरडत्यात. आमी पळत जातो, ती हसत बसत्यात."

"दाजी, बायका ओरडताहेत."

"त्यांच्या बायकाबी तसल्याच."

तेवढ्यात बगळ्यांचा थवा नदीच्या वरच्या बाजूनं पात्राला धरून खाली येताना दिसला. बगळे राज्य बघून खोटं बोलत नाहीत. दाजी उठले.

पाणी येतं म्हणजे लाटा येतात, असं मला वाटत होतं. तसं काही नव्हतं. आधी किडे आले, वाळूवरून पळत, हजारोंनी. त्यांच्यामागे पाण्याची एक तपकिरी जीभ, तोंडाशी फेस, काटक्या, प्लास्टिकच्या पिशव्या, चपला. माणूस रमतगमत चालावा तशी ती चालत होती. वाटेतला प्रत्येक खड्डा भरून घ्यायला थांबायची. आवाज वर्तमानपत्राच्या घडीसारखा. आणि वास, ओल्या मातीचा नव्हे, बंद पेटी उघडल्याचा. वरच्या गावांनी यंदा खरोखरच मोटारी बंद ठेवल्या होत्या म्हणे. म्हणून पाणी एक दिवस आधी आलं. कुणी नियम पाळेल, हे कुणीच हिशोबात धरलेलं नव्हतं.

आम्ही खाली पोचलो तेव्हा मंडपात घोट्याएवढं पाणी होतं. दाजी तिसऱ्या खांबाशी गेले. चुन्याचं बोट होतं. खाली मोटार नव्हती. त्यांनी चौथ्या खांबाशी पाय खुपसून पाहिला, मग दुसऱ्या. पाणी पोटऱ्यांना लागलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मंडपात आम्ही दोघंच नाही. गावातले सहा-सात जण असेच वाकून, पायानं वाळू चाचपत फिरत होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

दाजींनी शेजारच्या हणमंताला विचारलं, "काय रं, काय शोधतूस?"

"चप्पल हरवली की काल. तुमी?"

"माजीबी चप्पलच."

आणखी दोघांच्याही चपलाच हरवल्या होत्या. एकाला नीट आठवत नव्हतं. लाल खुर्च्या आता एकेक करून उठायला लागल्या होत्या, कार्यक्रम संपल्यासारख्या. पाणी मांड्यांना आलं आणि दाजींच्या हाताला काहीतरी लागलं. बळ लावून त्यांनी ते वर काढलं. पोतं वेगळं होतं. त्यांनी ते निरखून बघितलं, चेहरा पडला. मग हाक मारली, "हणमंता, ये. तुजी चप्पल गावली."

त्यावर कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, कंबरभर पाण्यात उभं राहून. हसताना त्यांचे पाय मात्र वाळू चाचपतच होते. दाजींची मोटार त्या दिवशी मिळाली नाही. साहेबांचा फलक दुपारी वाकला आणि तो नमस्कार पाण्यात गेला.

अक्काला आता सगळं कळलं होतं. ती ओरडेल असं मला वाटलं. तिनं चूल विझवली, दोन घागरी घेतल्या आणि नदीकडे निघाली. समोर दुथडी नसली तरी भरपूर पाणी, वर तहानलेली बावीस झाडं, मध्ये एक उभी दरड. मीही एक कळशी घेतली. दर झाडाला दोन घागरी, एका दिवसाआड. त्याहून कमी दिलं तर न दिल्यासारखंच, असं ती म्हणाली. बावीस दुणे चव्वेचाळीस. दाजींची पाठ पहाटेच्या वाकण्यानं अशी धरली होती की ते घागर नुसती हातात घेऊन उभे राहायचे.

पथक त्या दिवशी आलं. पथक म्हणजे एक जीप, आणि तिच्या पुढे काठाकाठानं चालत येणारा डोक्याला उपरणं बांधलेला पन्नाशीचा एक शिपाई. तो पाण्याच्या सोबतीनं आठ दिवस चालत होता. त्याच्या बुटाचा तळवा सुतळीनं बांधलेला होता. त्यानं अक्काला दरडीवर अडवलं.

"हे काय?"

"घागर."

"शेतीसाठी उपसा बंद आहे, मावशी."

"मी कुटं उपसतीया? भरतीया."

त्यानं वही उघडली. वहीत रकाने होते. मोटारीचा मालक, मोटारीचा प्रकार, अश्वशक्ती. तो खरोखरच विचारात पडला. "अश्वशक्तीच्या रकान्यात काय लिहू?"

"म्हातारी लिव. एक."

त्यानं वही मिटली आणि प्यायला पाणी मागितलं. अक्कानं घरातल्या माठातलं आणून दिलं. पेला तोंडाला लावण्याआधी त्यानं विचारलं, "नदीचं नाही ना हे?" आठ दिवस तो त्या पाण्याची राखण करत चालला होता, विश्वास मात्र त्याचाही नव्हता.

गुरुवारी साहेब आले, दोन तास उशिरा, म्हणजे दाजींचा अंदाज अगदीच चुकला नव्हता. पूजन काठावर झालं. पाणी आपणच आणलं, असं साहेब म्हणाले. टाळ्या वाजवणाऱ्यांत निम्मे आदल्या पहाटे चपला शोधत होते. नारळ झाला, हळदकुंकू झालं, आणि भीमामाईला लाल काठापदराची साडी वाहिली. साडी थोडं अंतर गेली आणि वळणावर बाभळीच्या मुळ्यांत अडकली. सगळे पांगल्यावर अक्कानं ती ओढून काढली, पिळली, फाडून तिची चुंबळ केली आणि डोक्यावर ठेवून घागर चढवली. शेजारणीनं हटकलं, "अगं, नदीची साडी ती! पाप लागंल."

"तिला लुगडं काय करायचंय?" अक्का म्हणाली. "आदी पानी नेसवा म्हनावं."

त्या शेजारणीनं अक्काच्या खेपा मोजल्या असाव्यात. ही बाई एवढं पाणी का नेते? म्हणजे हिला काहीतरी कळलंय. म्हणजे भावानं शहरातून बातमी आणलीय. म्हणजे उद्या पाणी बंद होणार! दुपारपर्यंत सगळं गाव हंडे, बादल्या, दुधाच्या किटल्या घेऊन दरडीवर चढत-उतरत होतं. मी जो भेटेल त्याला सांगत होतो की मला काही माहीत नाही, आणि त्यामुळे ज्यांचा विश्वास बसला नव्हता त्यांचाही बसला.

शुक्रवारी संध्याकाळी अक्का बागेच्या बांधावर बसली. तिच्या मानेवर घागरीचा वळ उठला होता. मला म्हणाली, "मास्तर, हिशेब कर. तू रविवारी जानार. ह्यांची पाठ ही अशी. मी एकली किती झाडं ओढीन?"

मी मनात केला. "बारा. फार तर तेरा."

ती उठली. उरलेल्या साडीच्या तिनं चिंध्या केल्या आणि एकेका झाडापाशी जाऊन उभी राहायला लागली. पान चुरगाळून बघायची, खोडाला हात लावायची, फळं मोजायची. काही झाडांना चिंधी बांधायची, काहींपासून तशीच पुढे जायची. एका कोपऱ्यातल्या झाडापाशी बराच वेळ थांबली, चिंधी बांधली, सोडली आणि दुसऱ्या झाडाला बांधली. दाजी तिकडे पाठ करून बसले होते. तेरा लाल चिंध्या झाल्या. नऊ झाडं तशीच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी खेपा घालताना ती त्या नऊ झाडांच्या बाजूनं जायचीच नाही. वळसा पडला तरी पलीकडून यायची.

दाजींची मोटार पाणी जरा ओसरल्यावर सापडली. वळसंगच्या वाटेवर खाजाभाईंचं मोटारी भरण्याचं दुकान आहे. जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून देतात. दाजी मोटार घेऊन गेले, तर अंगणात आणखी अकरा मोटारी वाळू गाळत बसलेल्या. खाजाभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "क्या दाजी, तुमे भी? पूरी नदी मेरे आंगन में ला के डाले तुम लोगां. पानबुडी लेव बोलके कित्ते बार बोल्या मैं!" अक्कानं हे मला फोनवर सांगितलं. मोटार गेल्याचं दाजींना वाईट वाटलं ते वाटलंच, पण आपल्याला सुचलेली युक्ती इतक्यांना सुचली होती, याचा धक्का ते अजून विसरलेले नाहीत. मोटार तयार झाली तोवर खालचा बंधारा भरून नदीतलं पाणी बंद झालं होतं. काठावरची वीज पुन्हा पूर्ण वेळ सुरू झाली, त्या दिवशी नदीत ओढायला काही उरलं नव्हतं. मृग लागला तेव्हा चिंधीची तेरा झाडं जिवंत होती. नऊ गेली.

यात एक गोष्ट मी अक्काला सांगितली नव्हती.

त्या रविवारी मी जुळे सोलापुरात परतलो आणि सोमवारी नळाला पाणी आलं. आमच्याकडे रीत अशी की नळ आला की आधीचं साठवलेलं पाणी शिळं होतं. भाकरी शिळी होते, वर्तमानपत्र शिळं होतं, तसं पाणीही. ताजं भरायचं तर भांडं रिकामं हवं. सगळ्या गल्लीत त्या सकाळी मोऱ्या वाहत असतात, आणि ही गोष्ट अशी की तिच्याबद्दल कुणी कुणावर संशय घेत नाही. बायको म्हणाली, "पिंप ओता आधी, चार दिवसांचं शिळं आहे." निळं पिंप काठोकाठ भरलेलं होतं, मी घरी नसल्यामुळे त्याला हात लावायची वेळच आली नव्हती. माझे खांदे कळशीनं दुखत होते. मी ते पिंप कलंडवलं. हात क्षणभर थांबला असता तर आज हे लिहिताना बरं वाटलं असतं. थांबला नाही. पाणी भळभळत मोरीतून गटारात गेलं आणि मी नळाखाली पिंप लावलं.

गटारातल्या पाण्याकडे बघताना मला लाल चिंध्या आठवल्या. तेव्हापासून मी शिळं पाणी ओतत नाही, पण ते सांगून मिरवण्यात अर्थ नाही. गल्ली अजून ओतते, आणि माझं पिंप कोरडं पडत नाही म्हणून माझ्या नळाला मोटार आहे असं समोरच्या बिऱ्हाडाचं ठाम मत आहे.

यंदा आकडा उणे झाला तेव्हा मी ठरवलं, अक्काला फोन करायचा, पण पाण्याचं विचारायचं नाही. तब्येत विचारली. दाजींची पाठ विचारली. लिंबांना भाव काय, पाहुणे कोण येऊन गेले, हे विचारलं. ती उत्तरं देत होती, पण आवाजात सावधपणा वाढत होता.

"पान्याचं इचारलं न्हाइस?"

"नाही."

"मंग खरं सांग, फोन कशाला केलास?"

खोटं बोलण्याजोगं काही सुचेना. म्हणून मी तिला त्या सोमवारची गोष्ट सांगितली. पिंप, मोरी, सगळं. ती ऐकत होती. मागे कुठेतरी कोंबडं ओरडत होतं.

"भरलेलं हुतं पिंप?"

"हो."

"किती घागरी बसत्यात त्यात?"

गणित मी आयुष्यभर शिकवलं. हे उत्तर मला त्या सोमवारपासून माहीत होतं. "अठरा."

दर झाडाला दोन, नऊ झाडं. फोन चालू होता, तिचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं ती फोन ठेवेल. मग ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "पानी परवाच सुटलंय वरनं. हितं आलं की सांगते. त्याच्या फुडं चार-पाच दिसांनी तुज्याकडं यील."

"बरं."

"तवर पिंप रिकामं करू नगंस, म्हंजी झालं."